दोन इंचांची उन्नती

नागपूरकडचा माणूस गाडी पाहिली की आधी 'किती देते?' असं विचारतो. हा प्रश्न उमरेड, भिवापूर करत नागभीडपर्यंत येतो आणि पुढचं जंगल पाहून परत फिरतो. नागभीडच्या पुढे आमचा प्रश्न सुरू होतो, 'खालून लागते का जी?' लिटरला किती किलोमीटर जाते, ही चैनीची चौकशी झाली. आधी गाडी पोहोचली तर पाहिजे!

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली वेगळा झाला. भावाभावांत होते तशी ही वाटणी झाली. तालुके मोजले, नद्या मोजल्या, जंगल मोजलं. गडचिरोलीच्या वाट्याला इतकं जंगल आलं की जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग त्यानेच व्यापला. कोळसा आणि ताडोबा चंद्रपूरकडे राहिले. खड्डे तेवढे सामाईक ठेवले. माझं खता-बियाण्याचं दुकान चंद्रपूरच्या हद्दीत, मूलला. सासुरवाडी गडचिरोलीच्या हद्दीत, आलापल्लीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. म्हणजे माझा संसार एमएच 34 आणि एमएच 33 या दोन पाट्यांच्या मधल्या खड्ड्यांत चाललेला आहे.

आता रस्ता. साकोलीहून वडसा, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जातो तो 353 सी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. आम्ही मूलवाले हरणघाटाला वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडून त्याला गाठतो. कुठे तो इतका गुळगुळीत की ड्रायव्हरला डुलकी लागावी, आणि कुठे असा की मागच्या सीटवर घोरणारा पाहुणा एकदम पुढच्या सीटवर जागा व्हावा. मुख्य रस्ता सोडला की रस्ता हा शब्दही सोडावा लागतो. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधोमध गवताचा उंचवटा, गवतात दगड, आणि दगडाचं लक्ष गाडीच्या पोटावर. त्याहून आत, भामरागडकडे, पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की खालून लागण्याचा प्रश्नच मिटतो. गाडी जातच नाही.

गाडी आमची पिकअप, डबल केबिनची, जुनी घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. दोष माझा आणि माझ्या साळ्याचा आहे, आणि आम्हा दोघांचीही नावं मी लिहीत नाही. गाडीला मागे पाटे आणि पुढे गोल स्प्रिंगा. आठवड्याचे पाच दिवस तिच्यात युरियाच्या 45 किलोच्या बॅगा असतात, सहाव्या दिवशी पाहुणे, आणि सातव्या दिवशी कोणाची तरी शंकरपटाला निघालेली बैलजोडी. यांत सगळ्यात कमी कुरकुर युरिया करतो.

मागच्या मालकाने तिला समोर एक लोखंडी गार्ड बसवलं होतं. रानडुक्कर आडवं आलं तर गाडी वाचावी म्हणून. ते इतकं दणकट होतं की डुकरानेच विमा काढून फिरावं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच असली गार्डं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत, त्यांच्यावर कारवाई करा, असं राज्यांना कळवलं होतं. ती चिठ्ठी आमच्या गार्डापर्यंत पोहोचली नव्हती. वाटेत तीही कुठे खालून लागली असणार.

तर या गार्डाच्या वजनाने, आणि वयाने, गाडीचं नाक हळूहळू खाली बसलं. उभी असली की गाडी वाकून नमस्कार करते आहे असं वाटायचं. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी मूठ मावेना. दर खड्ड्याला समोरून 'ठक्क' असा आवाज यायचा आणि शेजारी बसलेली बायको 'अगं आई गं' म्हणायची. गाडीला लागलं की माझ्या बायकोला लागतं. मला लागलेलं तिला तितकंसं कळत नाही.

अशात मे महिन्यात साळीचं लग्न निघालं. आंदणाची आलमारी आणि दिवाण मूलहून घेऊन यायचं काम थोरल्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. गाडीचं नाक त्याआधी वर यायला हवं, असं ठरलं आणि दुकानासमोर बैठक बसली.

मिस्तरीने गाडीखाली न वाकताच निदान केलं. "स्प्रिंगा बसल्या जी शेट. त्याईचं वय झालं."

"मग?"

"मंग काय! आपलं वय झाल्यावर आपन काय करतो? बसूनच रायतो ना."

साळ्याचं मत पडलं की स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी गुटके ठोकावेत. स्वस्त, आणि लगेच होणारं काम. पण गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि गुटक्याचाही माझा अनुभव चांगला नाही. शेजारच्या टेम्पोत ठोकलेले गुटके पहिल्या नाल्यात निघून पडले होते आणि त्यांतला एक कुत्र्याने पानठेल्यापर्यंत नेला होता.

मग विज्ञानाचे गुरुजी बोलले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही, म्हणून ते आमच्या दुकानासमोर भरवतात. "स्प्रिंगेवर जितकं वजन, तितकी ती दबते. हा रॉबर्ट हूकचा नियम. त्याने तो 1676 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि दोन वर्षांनी, 1678 मध्ये, त्याचा अर्थ सांगितला." मला हा हूक एकदम जवळचा वाटला. गाडीला काय झालं हे ठाऊक असून दोन वर्षं न सांगणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

"नवी स्प्रिंग घेताना नुसती उंची पाहू नका," गुरुजी पुढे म्हणाले. "तारेची जाडी पाहा. बाकी सगळं तेच ठेवून 12 मिलिमीटरच्या तारेऐवजी 13 ची घेतली, तर स्प्रिंग एक-दोन टक्के नाही, 38 टक्के कडक होते. जाडीचा चौथा घात लागतो तिथे." मिस्तरीला घात हा शब्द तेवढा कळला आणि त्याने मान डोलावली. त्याच्या धंद्यात चौथा घात नेहमीचा. पहिले तीन गिऱ्हाइकाने आधीच करून आणलेले असतात.

शहरातली पोरं स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत आणतात, असंही गुरुजींनी सांगितलं. आम्हाला ते खरं वाटेना. त्यांच्याकडे रस्ता बरा असेल, त्यांना त्याच्या जवळ जावंसं वाटत असेल. आमचं आणि रस्त्याचं नातं असं आहे की दोघांत जितकं अंतर, तितकं प्रेम.

कोर्टातून रिटायर झालेले काका तोवर गप्प होते. ते म्हणाले, "कलम 52. कंपनीनं दिलेल्या गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा सांगितलं आहे."

"काका, फेरफार कुठे? बसलेली आहे, तिला उठवतो आहे."

"उठवा. पण होती तिथवरच उठवा. बसलेला माणूस उठला की उभा राहतो, झाडावर चढत नाही."

चहाचे कप न्यायला आलेली बायको जाता जाता म्हणाली, "अहो, त्यापेक्षा आधी ते समोरचं लोखंड काढून टाका ना." हे वाक्य कोणीही ऐकलं नाही. बैठकीत पाच पुरुष होते.

मिस्तरीकडे मे महिन्यात ट्रॅक्टरांची रांग लागते. मृगाच्या आत सगळ्यांना आपापला ट्रॅक्टर हवा असतो. त्यामुळे तो म्हणाला, पंधरा दिवसांनी या. तेव्हा साळा माझ्याकडे वळून म्हणाला, "कायले त्याच्या पाया पडता भाऊजी? हे घरी होते. चार नट तं खोलाचे हाय."

चार नट तर खोलायचे आहेत! मराठी माणसाचं इतकं नुकसान दुसऱ्या कुठल्याही वाक्याने केलेलं नाही. साळ्याने आयटीआय केलं आहे, फिटर ट्रेडमध्ये. त्यानंतर त्याने फिट केलेली एकमेव गोष्ट म्हणजे माझ्या घरातलं स्वतःचं बस्तान.

नागपूरहून ट्रान्सपोर्टने स्प्रिंगा आल्या. मूळच्यापेक्षा साधारण इंचभर उंच. एकीवर हिरवा ठिपका, दुसरीवर पिवळा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हिरवी उजवीकडे, पिवळी डावीकडे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचं आणि स्टिअरिंगचं ओझं त्या बाजूला. म्हणून बऱ्याच गाड्यांत उजवी स्प्रिंग डावीपेक्षा थोडी उंच किंवा कडक असते. हे मी साळ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हव जी, समजलं." हे त्याचं 'समजलं' पुढे आम्हाला एका रविवारला पडलं.

पहिल्या रविवारी पहाटे पाचला सुरुवात केली. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात नऊनंतर पाना हातात धरवत नाही. त्यावर भाकर भाजता येईल इतका तो तापतो. कडुनिंबाखाली गाडी उभी केली. मागच्या चाकांना दगड लावले. जॅकने नाक उचललं. आणि इथे मला पहिल्यांदा शहाणपण सुचलं, ते म्हणजे नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. जॅक तेलावर उभा असतो आणि तेलाचं मन कधी बदलेल हे सांगता येत नाही. चेसिसखाली ठोकळे पाहिजेत.

आमच्या जुन्या घराच्या चौकटीचे दोन सागवानी ठोकळे कोठ्यात पडले होते. आलापल्लीचं सागवान. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं. नव्या संसद भवनातही विदर्भाचं सागवान लागलं. मंदिर झालं, संसद झाली, तिसरा नंबर माझ्या पिकअपचा लागला. ठोकळ्यांनी गाडी अशी पेलली की जणू त्यांना देशाची जबाबदारी पेलायची सवयच होती.

चाक काढलं. शॉकअप काढला. आता खालच्या आर्मचा बॉल जॉइंट. त्याची पिन काढायची, नट सैल करायचा, मग तो आपल्या निमुळत्या जागेतून सुटतो. सुटतो, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. साळ्याने त्यावर रॉकेल सोडलं, मग डिझेल सोडलं, मग हातोडी, मग घन, मग शिव्या. शेजारीपाजारी अंगणात जमले. कोणी खुर्ची आणली. कोणी विचारलं, "का करून रायले जी?" आम्ही म्हटलं, "स्प्रिंग बदलून रायलो." तो म्हणाला, "असं नाय निघत." आणि पाय पसरून बसला. कसं निघतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे सल्ल्याला पात्रता लागत नाही, फक्त खुर्ची लागते.

चाळीस घाव झाले तेव्हा मिस्तरी ट्रॅक्टर पाहायला जाता जाता चहाला थांबला. त्याने कप उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, हातोडी उचलली आणि बोल्टला हातही न लावता, ज्या डोळ्यात तो अडकला होता त्या डोळ्याच्या बाजूवर दोन टोले दिले. 'टण्ण' झालं आणि जॉइंट सुटला. "बोल्टावर मारलं तं बोल्ट बसते. घरावर मारलं तं बोल्ट निघते." एवढं सांगून त्याने राहिलेला चहा संपवला. भाडेकरू काढायचा असेल तर हे कोणाच्या कामी येईल म्हणून लिहून ठेवतो.

आता खरी भीती. बसलेली असली तरी ती स्प्रिंग दबलेली असते. गुरुजींनी आदल्या दिवशी हिशेब मांडून दाखवला होता. एक मिलिमीटर दाबायला दहा किलो लागत असतील आणि ती दहा सेंटिमीटर दबलेली असेल, तर तिच्या पोटात युरियाची एक बॅग जमिनीवरून छातीच्या उंचीपर्यंत उचलायला लागतं तेवढं बळ साठलेलं असतं. "आणि ती बॅग," गुरुजी म्हणाले, "कोणाच्या छातीवर यायची हे स्प्रिंग ठरवते." म्हणून आम्ही स्प्रिंगेच्या वेढ्यांतून बैलाची साखळी ओवून चेसिसला बांधली, आर्मखाली जॅक ठेवला आणि तो सुताएवढा, सुताएवढा खाली घेत गेलो. प्रेक्षकांच्या खुर्च्या आपोआप मागे सरकल्या. जॅक उतरला, आर्म उतरली, स्प्रिंग सैल झाली, आणि शेवटी नुसती कण्हत जमिनीवर टेकली. काहीच झालं नाही. प्रेक्षकांची साफ निराशा झाली. दोघं उठून गेले.

जुनी काढताना जेवढी सोपी, नवी बसवताना तेवढी अवघड. ती इंचभर उंच, आणि जागा तेवढीच. साळ्याने सब्बल लावून आर्म खाली दाबली, मी स्प्रिंग आत सरकवली, तिचं खालचं टोक खाचेत बसवलं, वर रबर लावलं, जॅक परत चढवला. दुसरी बाजू याच तऱ्हेने. या प्रकरणात माझ्या अंगठ्याचं एक नख कामी आलं. दुपारी बारा वाजता गाडी चाकांवर उतरवली, बुशांचे नट ती जमिनीवर आल्यानंतरच पक्के आवळले (हे मात्र साळ्याला बरोबर ठाऊक होतं), आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

गाडी उठली होती. आणि एका बाजूला झुकली होती. निवडणुकीला उभ्या माणसाने मतदारसंघातल्या कोणाकडे मान कलती करून पाहावं तशी.

बायकोची शिवणकामाची टेप आणली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत आधी दोन्हीकडे 46 सेंटिमीटर होतं. आता डावीकडे 52, उजवीकडे 49.

"हिरवी कोणत्या बाजूला लावली?" मी विचारलं.

"उजव्या."

"कोणाच्या उजव्या?"

"माह्या." साळा काम करताना गाडीकडे तोंड करून उभा होता. त्याची उजवी म्हणजे गाडीची डावी. "तुमी तं म्हनले उजवी. गाडीची उजवी का माणसाची उजवी, हे काऊन नाय सांगितलं?"

दुसरा रविवार अदलाबदलीत गेला. या वेळी चाळीस घाव लागले नाहीत, चोवीस लागले. खुर्च्या मात्र वाढल्या होत्या. गावात बोभाटा झाला होता की मागच्या रविवारी स्प्रिंग उडणार होती, ती उडाली नाही, या रविवारी नक्की उडेल. संध्याकाळी टेप लावली तेव्हा दोन्हीकडे 51. पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच! स्प्रिंग उंच होती एक इंच आणि गाडी उठली दोन. साळ्याला हा आपल्या हाताचा गुण वाटला. गुरुजींनी त्याला दाराजवळ नेलं. बिजागरीपाशी दार एक बोट ढकललं तर कडीपाशी ते किती सरकतं ते दाखवलं. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसते आणि चाक टोकाला असतं, म्हणून एकाचे दोन होतात. साळ्याने दार चार वेळा उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाला, "पन दार बी कोनी तं लावलं असन ना जी."

आता उन्नतीची किंमत चुकवायला सुरुवात झाली. पहिली तक्रार शॉकअपची. तो जुन्या उंचीच्या मापाचा. खड्ड्यातून चाक खाली लोंबलं की त्याचा हात अपुरा पडायचा आणि 'खट्ट' व्हायचं. आधी 'ठक्क' होतं, आता 'खट्ट' झालं. ब्रेकचा पाइप ताणलेला दिसला, तो लांब घ्यावा लागला. मग चाकं. वरून बाहेर झुकलेली, चिखलातून धोतर सांभाळत निघालेल्या माणसाच्या पायांसारखी. असंच चालवलं तर टायर एका कडेने खाऊन टाकतं, म्हणून चंद्रपूरला अलाइनमेंटला गेलो. तिथल्या पोराने गाडी मशीनवर घेतली, पडद्यावर सगळे आकडे लाल झाले. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुठं आपटली काका?"

"आपटली नाही, उंच केली."

"कायले?"

मी गार्डाच्या वजनाची सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, "मंग हे गार्डच काढून टाका ना जी. नाही तरी चालत नाही ते आता."

गार्ड काढलं. भंगारवाल्याने दोन माणसं लावून उचललं. साठ-एक किलो भरलं. आणि ओझं उतरताच गाडीचं नाक आणखी बोटभर वर गेलं. काका म्हणाले होते त्या झाडाची पहिली फांदी आम्ही गाठली. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, ते समोरचं लोखंड काढून टाकलं. ती म्हणाली, "बरं केलं." पुढे काहीच बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात इतकं लागलेलं वाक्य दुसरं आठवत नाही, आणि तेही खालून.

लग्नाच्या आदल्या दिवशी हौद्यात आलमारी चढली, दिवाण चढला, गाद्या चढल्या. माणसं केबिनमध्ये. माय चढेना. तिची उंची चार फूट आठ इंच, गुडघे सत्तर वर्षांचे. आधी ती कशीबशी पाय ठेवायची, आता पावठा दोन इंच आणि बोटभर वर. मी म्हटलं, उचलून ठेवतो. ती म्हणाली, "मी का युरिया हाय?" शेवटी साळ्याने कोठ्यातून तो सागवानी ठोकळा आणला. माय त्यावर चढली, तिथून गाडीत चढली, आणि म्हणाली, "ठोकळा घेऊन घे बाबू. उतराले बी लागन."

निघायला उशीर झाला. आष्टी सोडेपर्यंत अंधार. तेव्हा लक्षात आलं की मागे ओझं पडल्याने मागचे पाटे दबले आहेत आणि नाक आणखी वर गेलं आहे. लाइट रस्त्यावर पडेनात. रस्ता काळोखात, आणि दोन्ही बाजूंच्या सागाचे शेंडे मात्र लख्ख. फांदीवर झोपलेली वानरं डोळ्यांवर हात घेऊन आमच्याकडे पाहात होती. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला लाइट मारून शिव्या घालत होता. आलापल्लीचं जंगल मी वीस वर्षं पाहतो आहे, पण झाडांची वरची बाजू त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. शेवटी साळा खिडकीतून अर्धा बाहेर निघून हातातल्या बॅटरीने रस्ता दाखवू लागला. दोन इंच वर चढलेली गाडी ताशी पंधराच्या वेगाने बॅटरीमागे चालली होती. आलापल्लीच्या पानठेल्यावर एकाने पेचकस घेऊन लाइटचे स्क्रू फिरवले आणि लाइट जमिनीवर आणले, तेव्हा वानरांची आणि आमची सुटका झाली.

मुख्य रस्ता सोडला. चाकोऱ्या आल्या, गवत आलं, दगड आले. माझी छाती भरून आली. जिथे दरवेळी समोरून 'ठक्क' व्हायचं तो नाला आला. मी बायकोला म्हटलं, "आता पाहा." गाडीचं नाक दगडावरून सुळकन निघून गेलं. काही नाही, चकार आवाज नाही. मी विजयाने तिच्याकडे वळलो, आणि मागून, अगदी पोटातून, असा 'ठण्ण' आवाज आला की दिवाणाचा खण उघडला.

सासरे कंदील घेऊन अंगणात उभे होते. त्यांनी आवाज ऐकला होता. जावयाला पाणी विचारायच्या आधी ते गाडीमागे जाऊन वाकले. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर चांदीसारखा ताजा ओरखडा चमकत होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं.

"जावई, गाडी कुठून उचलली म्हनता?"

"पुढून, मामाजी. स्प्रिंगा बदलल्या."

"अन् लागते कुठून?"

मी गप्प.

"हा गोळा आसालेच चिकटून हाय. स्प्रिंगानं हा नाय उठत. पुढच्या नाय अन् मागच्या बी नाय. स्प्रिंगानं वरचा डब्बा उठते. ह्याले उठवाचं तं चाक मोठं पायजे." त्यांनी कंदील गोठ्याकडे धरला. तिथे त्यांचं जुनं खाचर उभं होतं, माझ्या छातीपर्यंत येणाऱ्या चाकांचं. त्याला स्प्रिंग नाही, पाटा नाही, हूक नाही की घात नाही. पन्नास वर्षांत त्याला या नाल्यातलं काहीही खालून लागलं नव्हतं. साळ्याने पुढे होऊन चाकाला टेप लावली, आकडा पाहिला आणि कोणाला न सांगता टेप खिशात टाकली.

एवढ्यात मागून मायचा आवाज आला, "अरे, ठोकळा कोनी देते का नाय?"

साळ्याने धावत जाऊन ठोकळा ठेवला. माय त्यावर एक पाय ठेवून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश उतरली. ठोकळ्याकडे पाहिलं, खाचराकडे पाहिलं, आणि विहिणीला म्हणाली, "ह्याच्या बापाच्या खाचरात चढाले मले असाच ठोकळा लागे."

दोन रविवार, एक नख आणि एक ब्रेक पाइप खर्चून मी गाडी बाबांच्या खाचरापर्यंत आणली होती. चाकं तेवढी लहान राहिली.